काडीला मुळं फुटेपर्यंत

भंडारा जिल्ह्यात काडीपासून झाड करण्याचं ज्ञान कुंड्या आणि गॅलऱ्यांच्या कितीतरी आधीचं आहे. ते शेतात होतं. इथले मालगुजारी तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथातही त्यांच्या या कसबाची नोंद आहे. तलावाच्या पाण्यावर कोहळ्यांनी धान पिकवला आणि ऊसही पिकवला. ऊस कोणी शेतकरी बी पेरून लावत नाही. उभा ऊस तोडायचा, दोन-तीन डोळ्यांच्या टिपऱ्या करायच्या, ओल्या सरीत आडव्या दाबायच्या, की डोळ्याडोळ्यातून नवा ऊस वर येतो. टिपरी म्हणजे उसाची काडीच.

आज भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या सांदवाडीत आणि गॅलरीत जास्वंद, मोगरा, गुलाब, बोगनवेल याच रीतीने घरोघर पोचतात. शेजारून एक काडी मागून आणतात, कुंडीत खोवतात आणि वाट पाहतात. जगली तर लावणाऱ्याच्या हाताला गुण आहे म्हणतात. काळी पडली तर हाताला दोष देतात. हाताचा यात फार थोडा संबंध आहे. काडी बहुतेक वेळा दोन कारणांनी मरते: तहानेने किंवा गुदमरून. मुळं कशी घडवायची हे तिचं तिला कळतं. ती घडेपर्यंत तिला जिवंत ठेवणं, एवढंच आपलं काम. हे एकदा नीट समजलं, की काडी कधी घ्यावी, किती पानं ठेवावीत, कशात लावावी, कुठे ठेवावी, हे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

तयार मुळं आणि घडवावी लागणारी मुळं

उसाच्या पेराजवळ निरखून पाहिलं तर डोळ्याच्या पातळीवर कांडीभोवती बारीक ठिपक्यांचा एक पट्टा दिसतो. प्रत्येक ठिपका म्हणजे थांबून राहिलेलं मूळ. ओल मिळताच ते बाहेर पडतं. मनीप्लांटच्या पेरांवरही अशीच तपकिरी टोकं असतात. गुळवेल तर झाडावर लोंबत असतानाच हवेत लांब मुळं सोडते आणि तोडून टाकलेला तिचा तुकडाही बराच काळ जिवंत राहतो. या झाडांची मुळं आधीच तयार असल्यामुळे त्यांची काडी सहसा दगा देत नाही. मनीप्लांट चोरून आणला तरच फोफावतो, अशी समजूत आहे. मागून आणला तरी तो तितकाच फोफावतो.

गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या फांदीत मुळं तयार नसतात. फांदीतल्या काही पेशींना आपलं चालू काम सोडून मूळ घडवण्याचं नवं काम हाती घ्यावं लागतं. वनस्पतीच्या एकेका पेशीत पूर्ण झाड घडवण्याची क्षमता असावी, असा विचार ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडला होता. त्या क्षमतेचं रोजचं, घरातलं दर्शन म्हणजे काडीला फुटलेलं मूळ.

काडी कापली की आधी जखम बंद होते. कापलेल्या टोकाशी फिकट, खडबडीत गाठी दिसतात. त्यांना कॅलस म्हणतात. कॅलस म्हणजे मुळं नव्हेत. मुळं साधारणपणे सालीच्या आतल्या ओलसर थराजवळच्या पेशींतून जन्मतात आणि साल फोडून बाहेर येतात. त्यांना चालना मिळते ती ऑक्झिन या संप्रेरकाने. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ते तयार होतं, फांदीतून खाली उतरतं आणि कापलेल्या टोकाशी साचतं. तिथेच मुळं येतात.

खालचं टोक आणि वरचं टोक यांतला फरक फांदी विसरत नाही. हरमान फॉख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विलोच्या काड्या ओलसर हवेत उलट्या टांगल्या होत्या. तरीही झाडावर असताना जे टोक खाली होतं, तिकडूनच जोमदार मुळं फुटली. म्हणून काडी उलटी लावली तर ती सहसा वाया जाते.

फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर प्रयोग करून ऑक्झिनचं अस्तित्व दाखवलं ते १९२८ मध्ये. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल काडीला मुळं फोडण्यात प्रभावी असल्याचं दाखवलं. कृषी सेवा केंद्रात रूटिंग हार्मोन म्हणून जी पूड मिळते, तिच्यात बहुधा हेच द्रव्य असतं. निबर काडीला तिचा उपयोग चांगला होतो. तुळस, पुदिना, मनीप्लांट यांना तिची गरजच नाही. मध किंवा दालचिनीची पूड लावण्याचा सल्ला अनेकजण देतात. या वस्तू बुरशीला थोडाफार आळा घालतील, पण त्या ऑक्झिनची जागा घेऊ शकत नाहीत.

तहान आणि गुदमरणं

झाडावरून तोडलेल्या फांदीची पानं बाष्प सोडतच राहतात, आणि पाणी ओढणारी मुळं मात्र उरलेली नसतात. कापलेल्या टोकातून जेमतेम पाणी वर चढतं. खर्च जास्त, जमा कमी. म्हणून पानं कमी करायची. सगळी काढली तर ऑक्झिन आणि अन्न तयार करणारी जागाच जाते, म्हणून वरची दोन पानं राखायची आणि ती मोठी असतील तर अर्धी कापायची. याच कारणाने काडी पहाटे किंवा सकाळी लवकर घ्यायची, तेव्हा फांदी पाण्याने भरलेली असते. याच कारणाने तिला सावलीत ठेवायचं आणि तिच्याभोवतीची हवा दमट राखायची. उन्हाळ्यात खोली थंड असते म्हणून काडी कूलरच्या झोतासमोर ठेवली तर वारा तिचं पाणी ओढून नेतो.

तहान टाळण्याच्या नादात लोक काडीला बुडवतात. मूळ घडवणाऱ्या पेशींना प्राणवायू लागतो. चिकट, सतत चिंब मातीत हवा उरत नाही. काडीचं खालचं टोक काळं, मऊ पडतं आणि बुरशी शिरते. ओल हवी आणि हवाही हवी, या दोन मागण्या एकाच वेळी पुरवायच्या आहेत. काडी कशात लावायची, हा प्रश्न म्हणूनच पाणी घालण्याइतका महत्त्वाचा आहे.

धानाच्या जिल्ह्यातलं साहित्य

भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मातीची पारख आहे. काळी चिकण ती कन्हार, तिच्याहून हलकी मोरांड, पिवळसर रेताड ती शिहार, उथळ ती खरडी. कन्हार पाणी धरून ठेवते म्हणून पिकाला चांगली. काडीला त्याच गुणामुळे वाईट. तलावाचा गाळ शेताला खत म्हणून उत्तम, पण त्याचे कण इतके बारीक, की ओला झाला की त्यात हवा शिरत नाही. काडी सुरुवातीला खताशिवाय जगते. तिला मुळं येईपर्यंत अन्न शोषताच येत नाही. उलट ताजं शेणखत काडीजवळ बुरशी आणि उष्णता आणतं.

काडीसाठी सगळ्यांत सोपं माध्यम म्हणजे जाड, धुतलेली वाळू. वैनगंगेच्या वाळूवर घरं उभी राहणाऱ्या या भागात बांधकामाजवळ घमेलंभर उरलेली वाळू सहज मिळते. ती चाळून बारीक माती काढून टाकायची, दोन-तीन पाण्यांनी धुवायची आणि वरून उकळतं पाणी ओतून निवू द्यायची.

दुसरं माध्यम धानाच्या गिरणीतून येतं. तूस तसाच वापरला तर त्यात राहिलेले धानाचे दाणे उगवतात. तोच तूस काळा कोळसा होईपर्यंत भाजला तर हलका, सच्छिद्र आणि निर्जंतुक होतो. जपानमध्ये असा भाजलेला तूस रोपवाटिकेत फार पूर्वीपासून वापरतात. भोकं पाडलेल्या डब्यात जाळ करायचा, त्याभोवती तुसाचा ढीग रचायचा, काळा पडेल तसा खालीवर करायचा आणि पांढरी राख होण्याआधी पाणी मारून विझवायचा. हे काम उघड्यावर, लेकरांपासून आणि वाळलेल्या गवतापासून दूर करावं. नंतर तूस धुवून घ्यावा, कारण त्यातले क्षार काडीला बाधतात. निम्मी वाळू आणि निम्मा भाजका तूस हे मिश्रण ओल धरतं आणि हवाही ठेवतं. गिरणीच्या भट्टीतली पांढरी-करडी राख मात्र याऐवजी चालत नाही. ती फार क्षारयुक्त असते.

पंचांग पाहून काडी

मुळं फुटायला साधारण २० ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवतं. भंडाऱ्याच्या वर्षात असे काळ कोणते, ते पाहू.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा गच्चीवर लावलेली काडी एका दुपारीत संपते. त्या दिवसांत घरात, पाण्याच्या बाटलीत मनीप्लांट किंवा पुदिना लावावा, बाकीच्यांना थांबवावं. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, हवा दमट झाली, की खरा हंगाम सुरू होतो. आषाढापासून पोळ्यापर्यंतचे दिवस जास्वंद, मोगरा, तगर, कण्हेर, बोगनवेल, मेंदी, अडुळसा या सगळ्यांना चांगले. फक्त कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये. मुसळधार पावसाने काडी हलते, आणि हललेल्या काडीची नुकती फुटलेली मुळं तुटतात.

दुसरा हंगाम दसऱ्यानंतरचा. गुलाबाची छाटणी याच सुमारास होते आणि छाटलेल्या फांद्यांतून काड्या मिळतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० ते १३ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा काडी मरत नाही पण मुळं फार हळू येतात. फेब्रुवारीत पुन्हा थोडे दिवस मिळतात. होळीनंतर नवी काडी लावणं थांबवावं.

लावण्याची रीत

निरोगी झाड निवडावं. ज्या फांदीवर कळ्या नाहीत ती घ्यावी, कारण कळ्या-फुलं काडीतलं अन्न ओढून घेतात. फार कोवळा शेंडा कोमेजतो, फार जुनं लाकूड आळशी असतं. गुलाब-जास्वंदाची पेन्सिलीएवढी जाड, हिरवी-तपकिरी फांदी योग्य. ब्लेड किंवा कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी. काडी १५ ते २० सेंटिमीटर ठेवावी आणि तिच्यावर तीन-चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घ्यावा, वरचा काप डोळ्याच्या थोडा वर सरळ. डोळ्याजवळ पेशी जास्त सक्रिय असतात, आणि तिरक्या-सरळ कापांमुळे खालचं टोक कोणतं ते नंतरही ओळखता येतं.

हार्मोन पूड वापरायची असेल तर काडीचं तळटोक ओलं करून त्यात बुडवावं आणि जास्तीची पूड झटकावी. जास्त लावल्याने मुळं जास्त येत नाहीत. मात्रा वाढली तर टोक करपतं. माध्यमात आधी पेन्सिलीने भोक पाडावं, मगच काडी ठेवावी, म्हणजे साल सोलत नाही आणि पूड पुसली जात नाही. निदान दोन डोळे आत जावेत. भोवतालचं माध्यम बोटांनी दाबून पाणी द्यावं.

वर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली झाकावी. हे झाकण असलेली कुंडी थेट उन्हात कधी ठेवू नये. आतली हवा काही मिनिटांत भाजून निघते. रोज थोडा वेळ झाकण उघडून हवा खेळू द्यावी. माध्यम बोटाला ओलसर लागेल इतकंच पाणी पुरे.

पाण्यात मुळं फोडणं लेकरांना दाखवायला फार सुंदर, कारण सगळं डोळ्यांसमोर घडतं. तुळस, पुदिना, कोलियस, मनीप्लांट पाण्यात छान येतात. पण पाण्यातली मुळं नाजूक असतात; ती दोन-तीन सेंटिमीटरची झाली की मातीत हलवावीत. आणि बाटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावंच. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडीस डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात.

फसवी पालवी

लावल्यावर दहा-बारा दिवसांत काडीवर हिरवे कोंब येतात आणि घरभर आनंद होतो. इथेच सर्वांत जास्त काड्या हातच्या जातात. तो कोंब काडीत आधी साठलेल्या अन्नावर आणि पाण्यावर फुटलेला असतो. खाली मूळ असेलच असं नाही. पालवी पाहून झाकण काढलं, कुंडी उन्हात नेली, की वाढलेली पानं वाढलेलं पाणी मागतात आणि ते पुरवायला कोणी नसतं. गुलाब आणि बोगनवेल या बाबतीत फार फसवतात.

खूण पाहायची ती खाली. कुंडीच्या तळाच्या भोकातून मूळ डोकावलं, किंवा काडी अगदी हलकेच ओढल्यावर रोध जाणवला, तर मूळ धरलं असं समजावं. कोवळ्या खोडाची झाडं एक-दोन आठवड्यांत मुळं धरतात. जास्वंदाला चार ते सहा, गुलाबाला चार ते आठ, बोगनवेलीला त्याहूनही जास्त आठवडे लागू शकतात. बोगनवेलीची मुळं काचेइतकी ठिसूळ, म्हणून ती ओढून पाहू नये आणि हलवताना माध्यमाच्या गोळ्यासकट हलवावी. मूळ धरल्यावर झाकण आठवडाभरात थोडंथोडं काढावं आणि मग माती, कुजलेलं शेणखत व वाळू यांच्या मिश्रणात लावावं. कन्हार मातीचा उपयोग आता करता येतो, वाळू मिसळून.

झाडागणिक स्वभाव

देवचाफ्याची फांदी तोडली की पांढरा चीक वाहतो. ती लगेच लावली तर सडते. आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकू द्यावा आणि मग कोरडसर वाळूत लावावी. निवडुंग आणि जेडलाही हाच नियम. मुनग्याची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत रोवली तरी जगते. गावठी सुवासिक गुलाब काडीवर चांगला येतो. बाजारातले मोठ्या फुलांचे संकरित गुलाब बहुधा दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात, त्यांची काडी जगली तरी झाड अशक्त राहू शकतं.

काही झाडांना काडी नकोच. आंब्याची काडी सहसा मुळं धरत नाही, तिथे कलम हवं. नारळ आणि इतर माडवर्गीय झाडांना सहसा फांदीच नसते. गोडलिंबाच्या काडीमागे महिने घालवण्यापेक्षा मोठ्या झाडाच्या मुळांतून आलेला फुटवा काढून लावावा, किंवा पिकलेलं बी ताजं असतानाच पेरावं.

तेच झाड, पुन्हा पुन्हा

बियांतून येणारं रोप नवं असतं. काडीतून येणारं झाड नवं नसतं. ते त्याच झाडाचा पुढचा भाग असतं. कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत १९४९ च्या सुमारास एका बोगनवेलीच्या फांदीवर अचानक वेगळा फुलोरा आला: एकाच वेलीवर पांढरा आणि गुलाबी-जांभळा. त्या फांदीच्या काड्या केल्या गेल्या आणि ‘मेरी पामर’ हा वाण देशभर पोचला. तो बियांतून जसाच्या तसा मिळाला नसता. आज एखाद्या अंगणात तो फुलत असेल, तर तो त्याच फांदीचा अंश आहे.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे लावले तर रोपं येतात, पण पिवळा काठ जातो आणि सगळी हिरवी निघतात. त्या पानात दोन तऱ्हांच्या पेशी शेजारी शेजारी असतात आणि नवा कोंब त्यांतल्या हिरव्या पेशींतून येतो. काठ टिकवायचा तर गड्डा विभागूनच लावावा लागतो.

सारखेपणाची किंमतही असते. आईझाडाचे रोग काडीबरोबर येतात. डाळिंबावरचा तेल्या रोग रोगट झाडांच्या काड्या-कलमांतून नव्या बागेत शिरतो. जास्वंदाच्या काडीवर पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण लपून येतो. म्हणून नवी काडी काही आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवावी. फळझाडांच्या काड्या घ्यायच्या असतील तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी निरोगी मातृवृक्षाची विचारणा करावी.

आणि सहज जगणारी प्रत्येक काडी भली नसते. तलावांच्या पाळीवर माजलेली बेशरम अमेरिका खंडातून आली. तिचा तुटलेला तुकडा चिखलात पडला तरी रुजतो. तिने तलावांचे काठ व्यापले, देशी पाणवनस्पती आणि मासळीची जागा घेतली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांना ढीवर समाजासोबत तलाव सुधारताना ही झुडपं मुळांसकट उपटावी लागली. घरची छाटणी तलावात किंवा नाल्यात टाकू नये, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

या पावसाळ्यासाठी एक काम सुचवतो. आपल्या घरात जे झाड सर्वांत जुनं आणि आवडीचं आहे, आजीने लावलेला गावठी गुलाब असो की बाजारात कुठे न दिसणारी दुहेरी पाकळ्यांची जास्वंद, त्याच्या निदान पाच काड्या करा. पाचही जगतीलच असं नाही. जगलेल्यांपैकी एक स्वतःकडे ठेवा आणि बाकीच्या शेजारी, माहेरी, लेकीच्या सासरी द्या. कुंडीवर झाडाचं नाव आणि कोणाकडून आलं ते लिहा. एका अंगणात असलेलं झाड एका वाळवीने, एका कडक उन्हाळ्याने किंवा एका नव्या स्लॅबने संपू शकतं. चार अंगणांत असलेलं झाड त्यातल्या एखाद्या घरून पुन्हा मागून आणता येतं. काडी देणं हाच ते झाड राखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.